होळीच्या आत भिंत

मी अकोटला पोचले तेव्हा विश्वंभर भारसाकळे अंगणात बसून काच भाजत होते.

तीन बाजूंना विटा लावून केलेली चूल, वर लोखंडी जाळी आणि जाळीवर मीच नमुना म्हणून दिलेला काचेचा ठोकळा. खाली कपाशीच्या पऱ्हाट्या धडाडून पेटल्या होत्या. सत्तरीकडे झुकलेला हा निवृत्त मुख्याध्यापक खुर्ची टाकून, मांडीवर घड्याळ ठेवून त्या ठोकळ्याकडे टक लावून पाहत होता.

"या मॅडम. जरा लांब उभ्या राहा."

मी विचारायला तोंड उघडलं तोच ठोकळा फाटकन फुटला. एक तुकडा तुळशीपर्यंत उडाला. काकांनी घड्याळ उचललं, पाहिलं आणि मान हलवली.

"चहा उकळायच्या आत गेला हा. हा नाही चालणार."

"काका, तो शोभेचा ठोकळा होता. नुसता दिसायला कसा असतो ते कळावं म्हणून दिला होता."

"मग आगीत टिकणारा दाखवा ना. आग लागली की मले पोरी बाहेर काढायले वेळ पाहिजे."

त्या काळी अकोल्यात मी नुकतंच वास्तुविशारद म्हणून स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. भारसाकळे काकांचं काम तसं लहान होतं. बापाच्या इस्टेटीची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला जुनी दुमजली इमारत आली आणि तिथं त्यांनी मेळघाटातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. दुसरा वाटा धाकट्या भावाचा, दिगंबररावांचा. त्यांचं कापसाचं मोठं गोदाम बरोबर शेजारी, मध्ये फक्त एक अरुंद बोळ. वसतिगृहाचा जिना आणि वरच्या खोल्यांच्या खिडक्या त्या बोळावर उघडायच्या. ही सगळी बाजू काचेच्या ठोकळ्यांनी बंद करायची, म्हणजे उजेड येईल पण आग येणार नाही, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. कापसाच्या शेजारी मुली राहतात, तेव्हा मागणी शहाणपणाची होती. मला खटकलं ते वेगळंच. लोक म्हणतात, 'आग लागली तर'. काका दर वेळी म्हणायचे, 'लागली की'.

मी पिशवीतून दुसरा ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. तो हातात घेताच वजनाने त्यांचा हात खाली गेला.

"हा आगीसाठीच केलेला असतो. याच्या काचेच्या भिंती जाड असतात. पण नुसता ठोकळा घेऊन उपयोग नाही, काका. पोलादी चौकट, ठोकळ्यांच्या मधल्या सळया, मसाला, कडेची पट्टी, असं सगळं मिळून भिंतीची परीक्षा झालेली असते. त्यातलं एक जरी आपण मनाने बदललं तर हमी संपली. आणि ठरलेल्या मापाहून मोठी भिंत करायची नाही."

"किती वेळ थोपवते?"

"एक तास. पण ज्वाळा. धग नाही. आग पलीकडेच राहील, उष्णता मात्र काचेतून इकडे येते."

काका थबकले. "म्हणजे जिना तापेल. पोरी उतरतील कुठून?"

हा प्रश्न माझ्या एकाही गिऱ्हाइकाने मला कधी विचारला नव्हता. मी सांगितलं, धगही अडवणारे ठोकळे असतात, बाहेरून मागवावे लागतात आणि फार महाग पडतात.

"जिन्याले ते लावा. वरच्या खिडक्यांले हे चालतील. त्या खोल्यांतून पोरी लगेच निघून जातील, पण जिन्यावर तर सगळ्याच येणार. हवेसाठी खिडक्या पूर्वेकडून पाडा."

"काका, एक विचारू? वीट बांधा ना. विटेची जाड भिंत यापेक्षा जास्त टिकते. खर्च निम्म्याच्याही खाली येईल. जिन्यात दिवे लावू."

"वीट नाही." त्यांचा आवाज एकदम चढला, मग खाली आला. "मले पलीकडचं समजलं पाहिजे. आणि होळीच्या आत भिंत उभी पाहिजे."

"होळीच का?"

"पाहिजे म्हणून पाहिजे."

त्यांनी चुलीवर पाणी ओतलं. वाफेच्या लोटात त्यांचा चेहरा मला दिसेनासा झाला.

ठेकेदार इंगळे बोळात माप घेत होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, या दोन भावांचं काय आहे?

"वैर आहे, दुसरं काय! वाटणीपासून बोलणं बंद. मागच्या दिवाळीत तर भर बाजारात मोठे भाऊ धाकट्याले म्हणाले, 'दिगू, राख होईल तुझी.' सगळ्यांनी ऐकलं." इंगळेंनी टेप गुंडाळला. "आपण भिंत बांधावी मॅडम आणि निघावं. घरातलं घरात."

अकोल्याला परतताना बसमध्ये मी एकेक गोष्ट जुळवू लागले. आग त्याच बाजूने येणार याची खात्री. होळीची घाई. काच किती वेळात फुटते याचा सराव. पलीकडचं दिसलं पाहिजे हा हट्ट. आणि राख होईल तुझी. जो माणूस शेजारच्या घराला आग लावणार असेल, तो आधी काय करेल? आपल्या बाजूला भिंत बांधेल. आणि ती भिंत आपणच बांधून देतो आहोत.

तरी ठोकळे मागवले. तिथं मुली होत्या आणि त्यांच्यासाठी भिंत हवीच होती, कुणाच्या का मनात काही असेना. व्यापाऱ्याचा माणूस मला पटवत होता, "मॅडम, जिन्याला पण साधेच लावा, दिसायला अगदी सारखे, कुणाला कळणार आहे?" मी त्याच्यावरही संशय घेतला आणि पेट्या उघडून एकेक ठोकळा स्वतः तपासून घेतला. त्या दिवसांत माझा कुणावरच विश्वास राहिला नव्हता.

पोलादी चौकट बसवायची तर वर चढून काम करायला बोळात बांबूंचा पहाड बांधायला हवा होता आणि बोळाची निम्मी जागा दिगंबररावांची. काका म्हणाले, "तुम्ही विचारा. मी नाही बोलणार." मी गोदामात गेले.

दिगंबरराव एकदम वेगळा माणूस निघाला. साठीच्या आतला, गुबगुबीत, हसरा. मला खुर्ची दिली, चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला.

"पहाड बांधायचा? बांधा ना बाप्पा! विचारायचं काय त्यात? अख्खा बोळ घ्या."

ज्या भावाशी बोलणं नाही त्याला अख्खा बोळ? मी भांडणाची तयारी करून गेले होते, त्यामुळे हा गोडवा मला पचेना.

"ते काचेचं म्हणतात मॅडम, खरंच थोपवते आगीले?"

"तासभर."

"आणि जिन्यातून पोरी उतरू शकतील? धगीचं काय?"

मी कप खाली ठेवला. दोन भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, आणि प्रश्न मात्र एकच विचारतात.

"धग अडवणारे ठोकळे जिन्याला लावतोय."

"वा, वा." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "होळीच्या आत होऊन जाईल ना भिंत?"

बाहेर हमाल गाठी उतरवत होते. त्यांची हाळी, ट्रकचं इंजिन, सगळं ऐकू येत होतं, तरी मला त्या खोलीत भयाण शांतता वाटली. मी उगीच हसून म्हटलं, "होईल की. तुम्हाला होळीची कसली घाई?"

"मले? मले काहून घाई राहील? दहावीच्या पोरींची परीक्षा राह्यते, ठोकठोक नको म्हणून म्हटलं."

"गोदामाचा विमा आहे ना, भाऊ? इतका कापूस आहे म्हणून विचारलं."

"आहे ना. यंदाच वाढवला." ते हसले, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही.

निघताना त्यांनी मला गोदामातून मागच्या दाराने वाट दाखवली. दोन्ही बाजूंना गाठींची थप्पी छतापर्यंत. पुढच्या गाठी पांढऱ्याशुभ्र. मागे एक गाठ फाटलेली होती. मी जाता जाता त्यातला कापूस चिमटीत घेतला. पिवळा पडलेला, किडका, कुबट वासाचा. त्याच्या मागच्याही सगळ्या तशाच.

मागच्या दाराबाहेर गोदामाच्याच भिंतीला टेकून टिनाचं छप्पर होतं. तिथं एक बाई दगडावर बसून तांदूळ निवडत होती. दिवस भरत आले होते, तिला नीट वाकताही येत नव्हतं. नाव सुमरती. मेळघाटातली कोरकू आदिवासी. नवरा गोदामात हमाल.

"होळीला गावाला जाणार ना?" मी विचारलं. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तो, बाकी हमाल झाडून गावी जातात हे मला माहीत होतं.

"तो जाईल. मी कशी जाऊ? घाटात बस लई हादरते." तिने पोटावर हात ठेवला. "सेठले नाही सांगितलं. सांगितलं तर म्हणतील, इथं बाळंतपण नको."

बोळ ओलांडून मी सरळ काकांच्या खोलीत शिरले. ते मुलींचे गणिताचे पेपर तपासत होते.

"काका, तुम्हाला कुठल्या आगीची वाट आहे ते आत्ता सांगा. नाहीतर मी उद्या काम थांबवते."

त्यांनी पेन बंद केलं. "काहून? काय झालं?"

"आधी मला वाटलं, तुम्ही भावाचं गोदाम पेटवणार आहात."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी दार लोटलं.

"आणि आता काय वाटते?"

"आता वाटतं, ते स्वतःच पेटवणार आहेत. आणि तुम्हाला ते माहीत आहे."

काका बाजेवर बसले. मुलांना धडा शिकवावा तसे ते सावकाश बोलले.

"आमच्या बाबांचा इथं जिन होता, सरकी काढायचा कारखाना. मी नववीत होतो तेव्हा भाव पडला, माल सडला. त्या वर्षी बाबांनी विमा वाढवला. चांगल्या गाठी पुढं लावल्या, सडका माल मागं. होळी आली तसं आईले न् आम्हा दोघांले आत्याकडे पाठवलं, गावातच, दोन गल्ल्या सोडून. होळीच्या दिवशी ठिणगी कुणाच्या होळीतून उडाली हे कुणी विचारत नाही, मॅडम. अख्खं गाव सांत्वनाले आलं. बाबा रडले. खरे रडले."

"का?"

"आत सुखलाल होता. राखणदार. बाबांले वाटलं, तो होळी खेळायले गेला. त्याले ताप होता, तो आतच झोपला होता. त्याची बायको भिंतीच्या अलीकडे भाकरी टाकून राह्यली होती. विटांची भिंत. दोन हातांवर नवरा जळून राह्यला, आणि तिले धूर येईपर्यंत समजलं नाही."

तेव्हा मला कळलं, वीट का नको होती.

"दिगूनं विमा वाढवला तेव्हा मी बाजारात त्याले म्हटलं, राख होईल तुझी. लोकांले वाटलं शाप दिला. मागच्या महिन्यात त्यानं पुढच्या गाठी बदलल्या. परवा बायकोले माहेरी पाठवलं."

"पोलिसांत जा ना काका! पुरावा द्या."

"पुरावा काय देऊ? आमचा बाप?" ते कडवट हसले. "आणि भाऊ आहे तो. त्याले मी अडवू शकत नाही, पण माझ्या पोरींपुरती भिंत बांधू शकतो. सुट्टीच्या दिवशी करेल तो. हमाल गावाले गेले की गोदाम रिकामं. कुणाले काही होणार नाही."

"रिकामं नाही," मी म्हटलं. "मागे सुमरती आहे. पोटुशी. ती जाणार नाही आणि तुमच्या भावाला ते माहीत नाही."

काका उठले, पुन्हा बसले.

"तुमची भिंत तिच्या अलीकडे आहे, काका."

"समजलं मले," ते म्हणाले. "सांगू नका पुन्हा."

त्याच दुपारी त्यांनी वसतिगृहाच्या बाईंना पाठवून सुमरतीला आपल्याकडे आणवलं, स्वयंपाकघराशेजारची खोली दिली. मला वाटलं, सुटलो आपण. पण काका तिथं थांबले नाहीत. त्यांनी आपली बाज उभी केली, गादी गुंडाळून वर टाकली आणि इंगळेंना हाक मारली, "एका बाजूनं धरा."

"कुठं न्यायची सर?"

"दिगूच्या गोदामात."

मी मागे धावले. "काका, ती तर आलीय इकडे!"

"ती आली. अजून कोण असेल ते मले काय माहीत? बाबांलेही माहीत नव्हतं."

भर उन्हात, बाजारातून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, कित्येक वर्षांत त्या उंबऱ्यावर पाऊल न ठेवलेला मोठा भाऊ बाज घेऊन आत शिरला. हमालांनी वाट दिली. गाठींच्या दोन थप्प्यांमध्ये, गोदामाच्या मधोमध काकांनी बाज टाकली, गादी पसरली, उशी झटकली. दिगंबरराव ऑफिसातून धावत आले.

"दादा! हे काय?"

"आजपासून इथं झोपणार आहे. होळी होऊन जाईपर्यंत. दिवसाही इथंच राहीन."

"काहून?"

"तिकडं ठोकठोक चालली आहे. पोरींचे पेपर तपासता येत नाहीत."

दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता, मग भीती आणि मग काहीतरी कोसळल्यासारखं. हमालांकडे वळून ते उगीचच ओरडले, "पाहता काय? कामं करा!"

भिंत होळीच्या आत उभी राहिली. जिन्यात हिरवट, मऊ उजेड येऊ लागला, मुली पायऱ्यांवर बसून इतिहास पाठ करू लागल्या. काका खरोखर तिकडेच राहिले. जेवणाचा डबा बोळ ओलांडून जायचा. भावाभावांचं बोलणं होत होतं की नाही कुणास ठाऊक. इंगळे म्हणायचे, दोघं एकमेकांच्या हालचालींवर डोळा ठेवून असतात. काकांनी पाणी प्यायला उठावं तर दिगंबररावांनी ऑफिसच्या दारातून पाहावं.

त्या होळीला अकोटात गोदाम जळालं नाही. पुढेही कधी नाही. दिगंबररावांनी सडका माल मातीमोल भावाने काढला, गोदाम विकलं आणि बियाण्यांचं दुकान टाकलं. त्यांच्या मनात खरंच काय होतं याची साक्ष देणारा कुणी नव्हता. इंगळे अजून म्हणतात, "आपण उगाच संशय घेतला मॅडम." माझी भिंत इतक्या वर्षांत एकदाही आगीला सामोरी गेली नाही. मी इंगळेंशी कधी वाद घातला नाही, कारण होळीच्या संध्याकाळी गोदामात मी जे ऐकलं ते त्या दोघा भावांचं होतं.

काम पूर्ण झाल्याची सही घ्यायला मी काकांकडे गेले होते. ऊन कलत होतं. गावातून ढोल ऐकू येत होते. हमाल गावी गेलेले, गोदामाचं मोठं दार सताड उघडं. काका बाजेवर बसून सही करत होते, मी शेजारी उभी होते. दिगंबरराव आले. हसरा, गुबगुबीत माणूस तो, पण त्या महिनाभरात उतरला होता. त्यांना मी दिसत होते, तरी मी तिथं नाही असं धरून ते बोलले. इतके दिवस साठलेलं बोलायला त्यांना तेवढाच वेळ मिळाला असावा.

"दादा, सुखलालले बाहेर काढलं तेव्हा तू होता ना तिथं?"

काकांनी पेन थांबवलं. "होतो. धूर दिसला तसा तुले कडेवर घेऊन आत्याकडून धावत आलो."

"हां, मी होतो. पण मले काही आठवत नाही. लोक ओरडून राह्यले, ते आठवते. आणि तुझा हात आठवते. गरम होता. तुनं माझे डोळे झाकले होते."

"लहान होता तू."

"तू पाहिलं?"

"पाहिलं."

दिगंबरराव गाठींकडे पाहत राहिले.

"मलेही पाहू द्यायचं होतं, दादा."

माझे कागद बाजूला ठेवून काका बाजेच्या कडेला सरकले आणि त्यांनी भावासाठी जागा केली.